डॉक्टरांची माहेरवाशीण

आमच्या ऑफिसात मीटिंग सुरू झाली की सगळे टेबलाभोवती बसायचे आणि डॉक्टर कार पार्कच्या उतारावर जाऊन उभे राहायचे. फोन कानाला, एक पाय वर, एक पाय खाली. बुओना व्हिस्टाच्या त्या इमारतीत गाड्या वर चढवायला एक गोल वळणाचा उतार होता, आणि साऱ्या सिंगापुरात आपल्याला मानवेल अशी तेवढी एकच जागा आहे असं त्यांचं ठाम मत होतं. "सपाटीवर माझं डोकं चालत नाही," ते म्हणायचे. इथे एक टेकडी आहे, तिला लोक कौतुकाने डोंगर म्हणतात. त्या कौतुकाचा डॉक्टरांना राग यायचा. कार पार्कचा वॉचमन अंकल दर वेळी येऊन सांगायचा, "डॉक्टर, हिअर कॅनॉट स्टँड लाह, कार कमिंग." डॉक्टर मान डोलवायचे आणि दोन पावलं आणखी वर सरकायचे.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. मूळचे अकोले तालुक्यातले. सरकारी नोकरीत गाईम्हशींना इंजेक्शनं देता देता कंटाळले आणि सरळ हिमालयात निघून गेले. तिथे त्यांना थार भेटली. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा "वाळवंट की जीप?" असं विचारून बसले होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या शाळेची त्यांना कीव आली असावी. "शेळी," ते म्हणाले. रानटी शेळी. नराला आयाळ, मादी साधी तपकिरी, आणि दोघंही उभ्या कड्यावर अशी चालतात जशी आपण ओट्यापासून फ्रिजपर्यंत.

फार पूर्वी कुणा हौशी साहेबांनी या हिमालयातल्या शेळ्या बोटीत घालून दक्षिणेकडच्या एका देशात नेल्या, शिकारीला बऱ्या म्हणून. त्या देशाचं नाव डॉक्टर कधी घेत नसत, नुसतं "तिकडे" म्हणत, म्हणून मीही घेत नाही. तिकडे ना वाघ, ना बिबट्या. शेळ्या वाढल्या आणि कड्यांवरची फुलं, गवत, झुडपं सगळं फस्त करू लागल्या. शेवटी तिथल्या सरकारने एक नदी ठरवली. नदीच्या दक्षिणेला शेळ्या राहतील, त्याही मोजक्या. उत्तरेला एकही नको, कारण उत्तरेच्या डोंगरात अशी झाडं उरली होती जी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. पण हे शेळ्यांना कोण सांगणार. एक मोठा कळप नदी ओलांडून उत्तरेला गेलाच. तो कळप हे आमचं काम होतं.

म्हणजे काम डॉक्टरांचं. आमची कंपनी जनावरांच्या गळ्यात घालायचे पट्टे बनवायची. पट्टा उपग्रहाला सांगणार, उपग्रह आमच्या पडद्याला सांगणार, आणि पडद्यावर एकेक शेळी एकेक ठिपका होऊन दिसणार. तो पडदा माझा. मी पुण्याहून आलेली, आयुष्यभर बँकांचं सॉफ्टवेअर लिहिलेली बाई. ठिपका एका जागी थांबला की त्या शेळीला सोबत मिळाली, सारखा फिरत राहिला की ती एकटी आहे, हे मला डॉक्टरांनी शिकवलं आणि मी ते कॉम्प्युटरला शिकवलं. ते स्वतः तिकडे बरीच वर्षं राहिले होते. मग त्यांच्या पत्नीची चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत मोठ्या जागेवर बदली झाली, आणि डॉक्टर डोंगरात निकामी झालेल्या गुडघ्याला पट्टा बांधून सिंगापुरात आले. "मी बायकोच्या नोकरीच्या पासवर आलेला नवरा आहे," असं ते पार्टीत न विचारता सांगायचे, विशेषतः समोरचा फार रुबाब करत असेल तर.

त्यांची एक सवय सगळ्यांना पिडायची. ते कुठेही खालून येत नसत. डोंगरातलं जनावर खालून येणाऱ्यावर नजर ठेवतं, म्हणून त्याच्याकडे वरून जायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते लिफ्टने एक मजला वर जायचे आणि मग जिन्याने आमच्या मजल्यावर उतरायचे. माझ्या मागे येऊन उभे राहिलेले मला कधीच कळायचे नाहीत. कितीदा माझी कॉफी सांडली. "बघ," ते समाधानाने म्हणायचे, "तू पण खालीच बघत होतीस."

प्राणीप्रेमी मंडळींशी त्यांचं जमायचं नाही. आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या एका मुलीने थारच्या करडाचा फोटो पाहून "सो क्यूट" म्हटलं, तर डॉक्टरांनी तिला शेजारी एका पिवळ्या फुलाचा फोटो दाखवला. "हे तिकडचं. ते पाहुणं. पाहुण्याने घराचं छप्पर खाऊ नये."

"आपण पण पाहुणेच की इथे," मी म्हटलं.

"आपल्याला पास आहे. आणि तो कधी संपवायचा ते घरमालक ठरवतो." एवढं बोलून ते उतारावर निघून गेले. त्या आठवड्यात माझ्या पासचं नूतनीकरण अडकलं होतं, त्यामुळे मला ते जरा लागलंच.

आम्ही आंग मो किओमधला फ्लॅट सोडून पलीकडच्या ब्लॉकमध्ये गेलो, तेव्हा डॉक्टर आपणहून मदतीला आले. मदत कसली, त्यांनी ताबाच घेतला. कळप हलवायचे नियम त्यांनी आमच्या घराला लावले. सकाळी कुणी पोटभर खायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. जुनं घर सुटणार म्हणून ती दोन दिवस तोंड पाडून बसलेली. डॉक्टरांनी माझ्या ओढणीने तिचे डोळे बांधले आणि तिला खांद्यावर घेऊन निघाले. "डोळे झाकले की धडपड थांबते," त्यांनी मला सांगितलं. माझी धडपड त्यांना दिसत नव्हती. खालच्या मजल्यावरच्या चिनी आज्जीबाई हातातली भाजीची पिशवी तशीच धरून हा सगळा प्रकार बघत राहिल्या. नव्या दाराशी डॉक्टरांनी मुलीला खाली उतरवलं आणि आम्हा तिघांनाही थांबवलं. कुणी आधी आत जायचं नाही, सगळ्यांनी एकदम. तिकडेही पेटारे ओळीने मांडून दारं एकाच क्षणी उघडतात, कारण एकटं सोडलेलं जनावर जे पळत सुटतं ते थांबतच नाही. आम्ही तिघं दारात चेंगरत एकदम आत घुसलो, नवऱ्याचं डोकं चौकटीला आपटलं, आणि मुलगी डोळ्यांवरची ओढणी काढून म्हणाली, "अंकल, अगेन, अगेन." त्या दिवसानंतर तिने जुन्या घराचं नाव काढलं नाही. मी याचं श्रेय डॉक्टरांना द्यायला तयार नव्हते, पण द्यावं लागलं.

तिकडेही त्यांनी इथून फोनवर असंच करवून घेतलं होतं. पहिल्या मोसमात हेलिकॉप्टरमधून जाळं टाकून शेळ्या पकडल्या, डोळे झाकले, पाय बांधले, झोळीत घालून हवेतून नदीपार नेल्या आणि पेटाऱ्यांत घालून एकदम सोडल्या. सोडायची जागा डॉक्टरांनी इथून, पडद्यावर बघून निवडली. उत्तम उतार, वर कडा, खाली झरा, चारा भरपूर. कितीतरी शेळ्या एकही पाय न मोडता पोचल्या. ऑफिसात केक कापला. डॉक्टरांनी केक उतारावर नेऊन खाल्ला आणि एक तुकडा वॉचमन अंकलना दिला.

मग ठिपके परत यायला लागले. आधी एक, मग चार-पाच, मग रांगच. नदीला पाणी कमी झालं आणि शेळ्या ती ओलांडून परत उत्तरेला. सगळ्यात पुढे एक म्हातारी मादी होती. डॉक्टरांना कारण सापडेना. ते दिवसभर ऑफिसभर फिरायचे, आम्हाला त्यांच्या बुटांचा आवाज नकोसा झाला. आणि एक दिवस तिकडून कुणीतरी त्या जागेचा फोटो पाठवला, शेळ्यांनी जे पाहिलं असेल ते दाखवणारा. समोर, नदीच्या पलीकडे, जुना डोंगर स्वच्छ दिसत होता. कडा न् कडा. नकाशावर उतार दिसतो, पाणी दिसतं. तिथे उभं राहिल्यावर काय दिसतं ते नकाशा सांगत नाही, आणि गुडघ्यामुळे डॉक्टर तिथे उभे राहिलेले नव्हते.

"अगं, मी त्यांना खिडकीत नेऊन बसवलं," ते मला म्हणाले.

तिकडच्या सरकारने ठरवलं, आता हलवाहलव नाही. उत्तरेच्या शेळ्या मारायच्या. डॉक्टरांनी भांडावं असं मला वाटत होतं. ते भांडले नाहीत. चूक आपली आहे आणि निर्णयही बरोबर आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि मारण्याच्या कामावर इथून देखरेख करायला तेच राहिले. दुसऱ्या कुणावर टाकणार नाही म्हणाले.

आता यात एक युक्ती असते, ती सांगायला हवी. गोळ्यांचा आवाज झाला की कळप फुटतो आणि उरलेल्या शेळ्या कपारींत अशा दडतात की हेलिकॉप्टरला महिनोन्‌महिने दिसत नाहीत. म्हणून गळ्यात पट्टा असलेली एक मादी मुद्दाम जिवंत ठेवतात. तिला एकटं राहवत नाही. ती आपले शोधत जाते. तिच्या मागोमाग हेलिकॉप्टर जातं. बाकीचे मरतात, ती वाचते, आणि पुन्हा शोधत निघते. इंग्रजीत अशा शेळीला घरभेद्याचं नाव आहे. डॉक्टरांना ते नाव मुळीच आवडायचं नाही. "ती कसली घरभेदी? तिला ठाऊक तरी आहे का?" त्यांनी तिचं नाव ठेवलं माहेरवाशीण. "कुठेही नेऊन सोडा, आपलं माणूस हुडकून काढते." ती तीच म्हातारी होती, सगळ्यात आधी परत आलेली. ऑफिसात तो शब्द रुळला. आमची मॅनेजर चिनी, ती रोज सकाळी विचारायची, "हाऊ इज युवर माहेर टुडे?"

पहिल्यांदा हे सगळं विनोदात चाललं. ती घळीत शिरली, थांबली, मी तिकडे कळवलं, त्यांनी काम केलं. दुसऱ्यांदा ती कड्याच्या पलीकडे एका मादीपाशी आणि तिच्या करडांपाशी जाऊन थांबली. तेही मीच कळवलं. त्यानंतर मी घरी गेले आणि मुलीला उगाचच ओरडले. पडद्यावर तर नुसते ठिपके. पट्टेवाल्या बाकीच्या शेळ्या पहिल्या दिवसांतच मारल्या होत्या आणि उरलेल्यांना पट्टेच नव्हते, त्यामुळे मरणारे ठिपकेसुद्धा नव्हते. फक्त तिचा ठिपका थांबायचा, आणि मग पुन्हा चालू लागायचा.

त्या मोसमात डॉक्टर वाळले. एका जागी दोन मिनिटं टिकत नसत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवायला गेलो तर ते ताट हातात घेऊन टेबलांमधून फिरत खायचे आणि लोक त्यांना जागा शोधणारा समजून सरकून बसायचे. त्यांच्या पत्नी मला फोनवर म्हणाल्या, "ऑफिसात काय करायचं ते करू दे, घरात फिरू नका म्हणावं. खालचे लोक तक्रार करतात." त्यांची मुलगी इथेच शिकलेली. तिने एकदा विचारलं, "बाबा, यू ऑलरेडी मूव्ह्ड देम वन्स, व्हाय कॅनॉट मूव्ह अगेन?" डॉक्टर बूट घालून खाली फिरायला गेले, हे तिनेच मला सांगितलं.

मग असे दिवस आले की ठिपका थांबेचना. तिला कुणी सापडत नव्हतं. मी आधी म्हटलं, शोधतेय, सापडेल. मग मी तिची वाट नकाशावर काढून पाहिली. ती नव्या जागी जातच नव्हती. ज्या ज्या घळीत, ज्या ज्या कड्याखाली तिला त्या मोसमात कुणी भेटलं होतं, तिथे तिथे ती पुन्हा जाऊन येत होती. एक संपली की दुसरी. सगळ्या संपल्या की पहिल्यापासून.

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी माझ्या मागून वाकून ती वाट पडद्यावर बोटाने गिरवून पाहिली.

"माहेर संपलं तिचं," ते म्हणाले. आणि त्यानंतर त्यांनी तो शब्द कधी वापरला नाही. आम्हीही नाही.

उत्तरेचा डोंगर मोकळा झाला होता. काम यशस्वी. राहिली ती एकटी. तिकडच्या वनखात्यातल्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी डॉक्टरांना लिहिलं, की नियमाप्रमाणे तीही जायला हवी, पण एक म्हातारी मादी, तिला आता पिल्लं होणार नाहीत, ती काही डोंगर खाऊन टाकणार नाही. बर्फ पडायच्या आत हेलिकॉप्टरची एकच फेरी होणार आहे. मारायचं की सोडायचं ते तुम्ही सांगा, तुमचा शब्द शेवटचा. डॉक्टरांनी तिसरंच मागितलं. पकडा आणि नदीपार, आत, जिथून हा डोंगर दिसत नाही तिथे नेऊन सोडा. तिथे आपल्या शेळ्या आहेत, तिला सोबत मिळेल. पायलटने नकार दिला. त्या कड्यावर, त्या वाऱ्यात जाळं टाकलं तर शेळी तरी पडेल नाहीतर माणूस. डॉक्टरांनी त्याच्याशी उतारावर उभं राहून तासभर हुज्जत घातली. गाड्या हॉर्न वाजवत त्यांना वळसा घालून जात होत्या आणि वॉचमन अंकल हात दाखवून त्यांना वाट करून देत होते.

फोन ठेवल्यावर मी त्यांना गाठलं.

"डॉक्टर, सोडून द्या ना तिला. खाऊ दे चार फुलं."

"फुलांचा प्रश्नच नाही. ती शोधत राहील."

"शोधू दे की. जिवंत तर राहील."

"कळपातलं जनावर एकटं जगत नाही गं. त्याचं फक्त मरायचं राहतं."

"हे तुम्ही ठरवणार? तिला विचारलंत?" माझा आवाज चढला. "मी राहिलेय एकटी. लग्नाआधी, याच आंग मो किओत, भाड्याच्या खोलीत. मालकीण फोडणीसुद्धा करू द्यायची नाही. वर्षभर कुणाशी मराठीत बोलले नाही. मेले नाही मी."

"तुझ्याकडे फोन होता," ते म्हणाले.

मला इतका राग आला की मी तशीच खाली निघून आले. जिथे तिथे या माणसाला शेवटचा शब्द हवा असतो, असं वाटलं. आणि या वेळी तर तो खरोखरच त्यांच्याकडे होता.

शनिवारी सकाळी त्यांचा मेसेज आला, आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये ये. मी गेले तर ते खुर्चीवर बसलेले. पुढ्यात कोपी-ओ, म्हणजे इथली काळी कॉफी, तशीच. फोन टेबलावर. हेलिकॉप्टर निघालं होतं. ती दिसली की तिकडून विचारणार होते, आणि हे सांगणार होते.

"काय सांगणार आहात?" मी विचारलं.

"तू सांग म्हणतेस तेही मी सांगून पाहिलं. मनात. मग मला झोप लागली नाही. दुसरंही सांगून पाहिलं. तरी नाही लागली."

शेजारच्या टेबलावर एक आजोबा नातवाला अंडं भरवत होते. शनिवारची गर्दी, ताटांचे आवाज. फोन वाजला. डॉक्टरांनी ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "येस. गो अहेड."

बस, एवढंच. मला उठून जावंसं वाटलं, पण गेले नाही. ते दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसून होते. थोड्या वेळाने पुन्हा फोन आला. या वेळी पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. डॉक्टर एकदाच "थँक यू" म्हणाले, फोन ठेवला, आणि तिथेच, सगळ्या लोकांसमोर, हुंदके देऊन रडायला लागले. ताटं गोळा करणाऱ्या मावशींनी खिशातून टिश्यूचं पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि पुढे गेल्या.

"लपली नाही ती," डॉक्टर म्हणाले. "मोसमभर हेलिकॉप्टर आलं की कपारीत शिरायची. आज आवाज ऐकून उघड्यावर आली. वर बघत उभी राहिली. पायलट म्हणाला, दोन घिरट्या घातल्या, तरी हलली नाही." त्यांनी टिश्यू हातात नुसताच चुरगाळला. "तिला वाटलं असेल, कुणीतरी आलं."

माझं ऐकलं असतं तर ती बर्फ पडेपर्यंत, त्यानंतरही, प्रत्येक आवाजाला अशीच बाहेर येत राहिली असती. हे मला तिथल्या तिथे पटलं. आणि तरीही मला त्यांचा राग आला. अजूनही येतो.